काळ्या दोऱ्यातलं शिसं

तुझे सासरे काय करतात, असं कुणी विचारलं की माझा नवरा मध्येच तोंड घालायचा. "बाबा टेक्निशियन आहेत, एका क्लबमध्ये," असं म्हणून तो विषय क्रिकेटवर नाहीतर शारजाच्या ट्रॅफिकवर नेऊन सोडायचा. दुबईत ऑफिसच्या लोकांसमोर वडिलांचं काम सांगायचं तर ते बँकेतलं असावं, गेला बाजार एखाद्या कंपनीतलं तरी असावं, असं त्याचं मत. मला मात्र खरं सांगायला आवडायचं. माझे सासरे जुन्या लष्करी रायफलींसाठी हाताने काडतुसं भरायचे.

अजमानमधल्या आमच्या फ्लॅटपासून गाडीने तासाभरावर, डोंगराच्या अंगाला, एक खासगी नेमबाजीचा क्लब आहे. तिकडच्या म्हाताऱ्या स्थानिक लोकांकडे आज्या-पणज्यांपासून चालत आलेल्या रायफली असतात. कुठल्या कुठल्या ब्रिटिश पलटणींतून बाद झालेल्या, बोटीतून मस्कतमार्गे आलेल्या, लाकडावर चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या. रीतसर परवाने काढून त्या क्लबच्या कपाटांत ठेवलेल्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी ही मंडळी पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्यात, येऊन चार बार काढतात. पण त्यातल्या बऱ्याच रायफलींची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, घासून लख्ख करायची, तिच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मापून दारू घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. हे सगळं सासरे एकटे करत. गोळ्यासुद्धा तेच ओतत, शिसं वितळवून, साच्यात.

फौजेत ते हत्यारखान्यात होते. त्याला ते 'कोत' म्हणत. पेन्शन सुरू झाल्यावर ते आखातात आले आणि नवऱ्याला इथे नोकरी लागेपर्यंत एकटेच राहिले. मग सासूबाई आल्या, मग लग्न होऊन मी आले. सासरे साताऱ्याकडचे, त्यात फौजी, त्यात इतकी वर्षं अरबांत काढलेली, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सगळंच असायचं. जेवण झालं की ताटाला नमस्कार करून "खलास" म्हणायचे.

माणूस शिस्तीचा, म्हणजे जाच वाटावा इतका. रोज झोपायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघणार. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले की पाठीमागून "सूनबाई, गॅस?" ठरलेलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, अहो इलेक्ट्रिक शेगडी आहे ही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मंग बटण बघायला काय जातंय?"

त्यांच्या कामाच्या खोलीतही असंच. अंगात सुती कपडे, कारण नायलॉनमधून ठिणगी उडते. फोन बाहेर ठेवायचा. टेबलावर एका वेळी एकच दारू. पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत बॅटरी मारून बघायचं. "दारू सांडली तर दिसती, सूनबाई. एका पुंगळीत दोनदा पडली तर वरून गोळी बसल्यावर दिसत न्हाई. मंग उडवणाऱ्याचा डोळा जातो." इतक्या वर्षांत त्यांच्या हातच्या काडतुसाने कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. कामाला बसण्याआधी ते साबणाने हात धुऊन कोरडे करत, कारण घामाच्या बोटांनी टोपी सादळते. काम झाल्यावरही हात धुवायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते तसेच डबा खायला बसत.

मी ती खोली एकदाच पाहिली, तीही काचेतून. तेव्हा मला सातवा महिना होता आणि नवरा मला तिकडचे डोंगर दाखवायला घेऊन गेला होता. सासऱ्यांनी मला दाराशीच अडवलं. "पोटुशी बाई. हितं दारू असती. आत यायचं न्हाई." मी बाहेर खुर्चीवर बसले आणि काचेपलीकडे त्यांना काम करताना पाहिलं. एका फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात पुंगळ्या घासल्या जात होत्या. त्यांनी पिंप थांबवलं, चाळणीवर ओतलं आणि सगळं चाळलं. पिवळ्या पुंगळ्या वर राहिल्या आणि खाली करडी धूळ उडाली. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, बाहेर येऊन माझ्या हातात एक गोळी दिली. बोटाच्या पेराएवढी, गार आणि जड. "नख लाव," म्हणाले. मी नख दाबलं तर खूण उमटली. "बघ, कसं मऊ हाय. जुन्या नळीला असंच लागतं. कडक शिसं नळी खातं." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी घरात कधी पाहिला नव्हता.

मुलगी झाली. बारसं अजमानच्या फ्लॅटमध्येच केलं. पाळणा दुबईतल्या करामामधून भाड्याने आणला, जेवणही तिथल्याच एका मराठी बाईंनी दिलं, आणि सासूबाई इथे कोपऱ्यावर दूर्वा मिळत नाहीत म्हणून दिवसभर हळहळत राहिल्या. घुगऱ्या वाटून झाल्यावर सासऱ्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत काळा दोरा होता आणि त्यात ओवलेला एक करडा मणी.

याची गोष्ट मला नवऱ्याने आधी सांगितली होती. सासऱ्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढायला गेले होते. मांडीत गोळी घेऊन परत आले. ती काढली तेव्हा त्यांनी तिचं शिसं वितळवून मणी केला आणि पुढे झालेल्या मुलाच्या करदोट्यात बांधला. गोळीने आपल्याला मारलं नाही, आता ती आपल्या घराला राखेल, असा त्यांचा हिशेब. तेव्हापासून घरात मुलगा झाला की बारशाला शिशाचा मणी. पहिला मणी कधीच हरवला, पण रीत राहिली. नवऱ्यालाही होता.

"पोरीला कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्यात पोरींना नसतो."

सासरे म्हणाले, "आजवर पोर झालीच कुठं आपल्यात? ही पहिलीच. तिला न्हाई तर कुणाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅनेजरला दावून आणलाय हां, सूनबाई. न इचारता आणलेला न्हाई." गोळी ओतताना उरलेल्या शिशाचा मणी त्यांनी स्वतः ओतला होता, बारीक भोक पाडलं होतं आणि टोचू नये म्हणून कानशीने घासून घासून गुळगुळीत केला होता. त्यांनी तो तिच्या इवल्याशा कमरेला बांधला आणि मला रडू आलं. माझ्या माहेरी मला भाऊ झाला तेव्हा पेढे वाटले होते, माझ्या वेळी नाही, हे मला आईनेच सांगितलेलं आहे. हा म्हातारा मात्र माझ्या मुलीसाठी शंभर वर्षांची रीत मोडत होता. मी वाकून त्यांच्या पाया पडले, आणि एरवी मी कुणाच्या सहजासहजी पाया पडत नाही.

मी बाळंतपणाची रजा संपवून ऑफिसला जायला लागले. सकाळी ट्रॅफिकमध्ये निघायचं आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्येच परतायचं. पोरगी आजी-आजोबांकडे. सासरे कामावरून आले की दारातच तिला उचलत, त्याच शर्टाने, आणि ती त्यांच्या खिशात हात घालून बसे. दात यायला लागल्यावर ती चिडचिडी झाली. कमरेचा दोरा आता आखूड पडत होता, म्हणून सासूबाईंनी तो लांब करून गळ्यात घातला. मणी तोंडाशी आला. तो तोंडात धरला की पोरगी गप्प बसायची. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आजोबांचा मणी चोखला की शहाणी होते बघ." मीही ते पाहिलं होतं. सोन्याचा असता तरी चोखला असता, मला काय त्यात वावगं दिसणार?

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ती तीन शब्द बोलत होती. "आबा", "दे" आणि "नको". आबा म्हणजे आजोबा. पुढच्या काही महिन्यांत ते शब्द वाढायचे तर कमी झाले. आधी "दे" गेलं. मग "नको" गेलं, म्हणजे नको असलं की नुसती किंचाळायची. शेवटी "आबा"ही गेलं. पोट साफ होत नव्हतं, अंगावर मांस धरत नव्हतं, रंग पांढुरका पडला होता. शारजातल्या डॉक्टरीणबाई केरळच्या, वयस्कर, अतिशय शांत. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं. मग विचारलं, "घर में बच्ची को काजल लगाते हैं? सुरमा?"

माझं डोकं फिरलं. मी त्यांना इंग्रजीत सुनावलं, की आम्ही शिकलेले लोक आहोत, पोरीच्या डोळ्यांत काजळ घालत नाही. त्या नुसत्या मान हलवून लिहीत राहिल्या. सुरम्यात शिसं असतं आणि ते लहान मुलांना विषासारखं असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पुढच्या खेपेला नवरा बरोबर होता. तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण आहे? काय काम करतात?"

नवरा म्हणाला, "My father is a technician. In a club."

मी शेजारी बसले होते. मला त्यात काही खटकलं नाही. तो नेहमी हेच म्हणायचा. डॉक्टरीणबाईंना क्लब म्हटल्यावर एसी दुरुस्त करणारा माणूस डोळ्यांपुढे आला असेल, आणि त्या पुढे गेल्या. त्या दिवशी त्याने काडतुसं हा शब्द उच्चारला असता, शिसं म्हटलं असतं, तर तो मणी त्याच दुपारी निघाला असता. त्यानंतर आणखी तीन महिने तो तिच्या गळ्यात होता.

मग एकदा पोट फुगलं म्हणून तिला हॉस्पिटलात नेलं आणि एक्स-रे काढायचा ठरला. सासूबाई आणि मी आत होतो. एक्स-रे काढणाऱ्या फिलिपिनो मुलीने गळ्यातला दोरा काढायला सांगितला. सासूबाई काढेनात. "नजर के लिये है, बेटा, रहने दो." मुलीने हसून तो स्वतःच काढला आणि एका स्टीलच्या वाटीत ठेवला. शिशाचा आवाज वेगळा असतो, तो वाटीत पडला तेव्हा टण् झालं नाही.

एक्स-रेमध्ये माझ्या मुलीच्या पोटात पांढरे ठिपके होते. कोंडा सांडावा तसे, इथे चार, तिथे सहा. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तो फोटो पाहिला. मग विचारलं, "ही काय गिळते?" मी म्हटलं काही नाही. तेवढ्यात ती फिलिपिनो मुलगी वाटी घेऊन आली, मणी राहिला होता म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तो उचलला, खिडकीशी नेला आणि माझ्यापुढे धरला.

सासऱ्यांनी कानशीने गुळगुळीत केलेला तो मणी आता सगळीकडून खरवडलेला होता. त्यावर दातांच्या खुणा होत्या. बारीक, जवळजवळ, दोन वरच्या आणि दोन खालच्या. मला काचेबाहेरची ती खुर्ची आठवली. नख लाव, बघ कसं मऊ हाय.

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. त्यातला आकडा मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरीणबाईंनी तो वाचून डोळ्यांवरचा चष्मा काढला, एवढं सांगते. त्या म्हणाल्या की शिसं औषधाने रक्तातून बाहेर काढता येतं, पण इतक्या लहान मेंदूत ते जे करून ठेवतं त्याचं काय होईल हे आज कुणी सांगू शकत नाही. बोलायला लागेल का, असं मी विचारलं. "वेट अँड सी," त्या म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा सासरे हॉलमध्ये उभे होते. नवऱ्याने त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी हात पुढे केले, नातीला घ्यायला, सवयीने. मी तिला मागे ओढलं आणि म्हटलं, "तुम्ही माझ्या पोरीला गोळी घातलीत."

सासूबाई खाली बसल्या. सासऱ्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी एकात एक धरले, कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर जवान उभा राहतो तसे. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, पोरीकडे होते. मी ते वाक्य मागे घेतलं नाही. आजही घेतलेलं नाही. मी खोटं काय बोलले?

पण एवढ्यावर ते संपलं नाही. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांची तपासणी सांगितली. आम्हा तिघांचं थोडं थोडं निघालं. सासऱ्यांचं पोरीच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यांची पोटदुखी, जिच्यावर ते ओवा चावत बसायचे. नावं विसरणं. हातातून कप निसटणं, ज्यावरून मी "बाबा, आता तुम्हाला प्लास्टिकचा मग आणते" म्हणून चेष्टा करायचे. विनाकारण भडकणं, ज्याला आम्ही सगळे फौजी रक्त म्हणायचो. ती अक्रोडाची धूळ, तो वितळत्या शिशावरचा मळ, ते न धुतलेले हात, सगळं त्यांच्या हाडांत जाऊन बसलं होतं. इतकी वर्षं ते दुसऱ्याचा डोळा जाऊ नये म्हणून एकेका पुंगळीत बॅटरी मारत होते.

त्या आठवड्यात नवरा जेवताना एकदम थांबला आणि म्हणाला, "मलाही होता ना गं मणी?" तो शाळेत दोनदा नापास झालेला आहे. आमच्याकडे तो विनोदाचा विषय होता. मी म्हटलं, जेव.

त्यानंतर सासऱ्यांनी नातीला हात लावला नाही. क्लबची नोकरी सोडली, सगळे कपडे टाकून दिले, नवीन आणले, हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतली, तरी नाही. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, "अंकल, अब कुछ नहीं होता, उठाइये बच्ची को." ते "जी मॅडम" म्हणाले. पण पोरगी त्यांच्याकडे धावली की त्यांचे हात पाठीमागे जायचे. ती त्यांच्या गुडघ्यांना धरून वर बघत राहायची. त्यांच्या पायजम्याला ओढायची, किंचाळायची. ते तसेच उभे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, एकाच वेळी, आणि त्या दोन्हींचं काय करायचं ते कळायचं नाही. एकदा मी म्हटलंसुद्धा, "घ्या ना तिला." ते म्हणाले, "नगं, सूनबाई. माझ्या हाताचा भरोसा न्हाई."

व्हिसाची मुदत संपली आणि ते दोघं गावी परत गेले. विमानतळावर सासूबाईंनी पोरीचे मटामट मुके घेतले. सासरे ट्रॉलीच्या पलीकडे, हात मागे. आत जाताना पासपोर्ट दाखवायला त्यांनी एक हात पुढे काढला, तेवढाच.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. रक्तातलं शिसं पुष्कळ उतरलं. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला नेते. तिथल्या मुलाखतीत मला घरातल्यांची कामं विचारली, तेव्हा मी सगळं सांगितलं, काडतुसांपासून. पोरगी हसते, नाचते, कोडी जुळवते, पण बोलत नाही. थेरपिस्ट तिच्यापुढे घरच्यांचे फोटो ठेवते. आईचा फोटो दाखवला की ती मला बोट लावते. बाबांचा दाखवला की दाराकडे बघते, कारण तो दारातून येतो.

गेल्या महिन्यात थेरपिस्टने सासऱ्यांचा फोटो ठेवला. गावच्या अंगणातला, खुर्चीवर बसलेले, हात मांडीवर. "Who is this?" तिने विचारलं. पोरगी उठून उभी राहिली. पाय थोडे फाकवले, मान ताठ केली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक धरले.

थेरपिस्टला काही कळलं नाही. ती मला म्हणाली, "She doesn't know him, I think." मी म्हटलं, ओळखते. ती आबा म्हणतेय.